लेख छापून आला, पण मानधनाचं काय? मराठीत लिहून पैसे मिळवायचे तर काम कुठं आणि कसं शोधायचं

समजा, एक मुलगी रात्री फेसबुकवर आजीच्या गोधडीबद्दल पोस्ट लिहिते. सकाळी उठून बघते तर दोन हजार लाईक. तिसऱ्या दिवशी तीच पोस्ट तिच्या मावशीनं फॅमिली ग्रुपवर टाकलेली असते. खाली तिचं नाव नसतं. त्या जागी ‘लेखक अज्ञात, पण जरूर वाचा’ अशी ओळ असते.

पंधरा दिवसांनी एका पोर्टलवरून मेसेज येतो, “छान लिहिता. आमच्यासाठी लिहाल का?” ती खूश. चार लेख देते, चारही छापून येतात. पाचव्याच्या वेळी धीर करून ती मानधनाचं विचारते. उत्तर येतं, “सध्या आम्ही मानधन देत नाही. पण तुमचं नाव होतंय ना!”

ही गोष्ट काल्पनिक आहे. पण मराठीत हौसेनं लिहिणाऱ्या कुणालाही ती वाचून आपलीच वाटेल. त्यातूनच नेहमीचा प्रश्न येतो. मराठीत लिहून खरंच पैसे मिळतात का?

मिळतात. सगळीकडे मिळत नाहीत, आणि फक्त लेख लिहून घर चालवणारे थोडेच आहेत. पण ज्यांना मिळतात आणि ज्यांना मिळत नाहीत, त्यांच्यातला फरक दर वेळी लिखाणाच्या दर्जाचा नसतो. बऱ्याचदा फरक एवढाच असतो, की पैशाचं बोलणं लेख लिहिण्याआधी झालं की लेख छापून आल्यावर. या लेखात काम कुठं मिळतं, ते मागायचं कसं, पैशाचं बोलायचं कसं आणि पैसे थकले तर काय करायचं हे सगळं क्रमानं बघू.

काम कुठं मिळतं?

1. पुरवण्या आणि साप्ताहिकं

दैनिकांच्या शनिवार-रविवारच्या पुरवण्या ही मराठीतली जुनी आणि ओळखीची जागा. ‘लोकसत्ता’ची ‘चतुरंग’ आणि ‘लोकरंग’, ‘सकाळ’ची ‘सप्तरंग’, ‘लोकमत’ची ‘मंथन’ ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण प्रत्येक पुरवणीचा पिंड वेगळा असतो. एकीकडे नातेसंबंध चालतात, दुसरीकडे राजकारण आणि पुस्तकं. त्यामुळे लेख पाठवण्याआधी त्या पुरवणीचे किमान चार अंक नीट वाचा. बाहेरच्या लेखकांचे लेख किती असतात, किती शब्दांचे असतात, कोणते विषय नुकतेच येऊन गेलेत, हे त्यातूनच कळतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वाचकांची पत्रं, ‘तुमचा अनुभव पाठवा’ अशी सदरं, स्पर्धा यांना सहसा मानधन नसतं. तिथं लिहायला हरकत नाही, पण ते काम म्हणून धरू नका.

साप्ताहिकं आणि मासिकांचं गणित वेगळं. 1948 साली साने गुरुजींनी सुरू केलेलं ‘साधना’ किंवा बालभारतीचं मुलांसाठीचं ‘किशोर’ अशा नियतकालिकांचा स्वतःचा ठरलेला वाचक असतो. मुलांसाठी लिहिता येणारे, शेती कळणारे, कायदा सोपा करून सांगणारे, विज्ञान समजावणारे लेखक संपादकांना हवे असतात. ‘ललित’ लिहिणाऱ्यांची रांग नेहमीच लांब असते.

2. दिवाळी अंक

का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. आजही दर दिवाळीला शेकड्यांनी अंक निघतात. नव्या लेखकासाठी हा मोठा बाजार आहे, पण बहुतेक जण इथं उशिरा पोचतात.

गणपती बसले की अनेकांना दिवाळी अंक आठवतो. तोवर चांगल्या अंकांचे विषय ठरलेले असतात, बरेच लेख हातात आलेले असतात आणि जाहिरातींची धावपळ सुरू असते. दिवाळी अंकासाठी संपादकाशी बोलायची वेळ म्हणजे उन्हाळा, फार तर पावसाळ्याची सुरुवात. मोठा रिपोर्ताज करायचा असेल, म्हणजे फिरून, माणसांशी बोलून लिहायचं असेल, तर आणखी आधी.

सगळे अंक मानधन देतात असं नाही. काही जण रोख देतात, काही जण अंकाची फक्त एक प्रत पाठवतात. त्यामुळे ‘लेखकांना मानधन आहे का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

3. वेबसाइट आणि डिजिटल माध्यमं

इथं दोन प्रकारचं काम असतं. पहिलं बातमीदारीचं. न्यूज वेबसाइट आणि यूट्यूब चॅनेलना जिल्ह्याजिल्ह्यात माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून ते प्रत्येक स्टोरीमागे पैसे देऊन काम घेतात. अशा बातमीदाराला स्ट्रिंगर म्हणतात. तुम्ही गडचिरोलीत किंवा सावंतवाडीत राहता, ही अशा वेळी तुमची जमेची बाजू असते. पुण्यात बसलेल्या संपादकाकडे तीच गोष्ट नसते.

दुसरं काम कंटेंट रायटिंगचं. आरोग्याच्या, गुंतवणुकीच्या, शेतीच्या वेबसाइटसाठी ठरावीक शब्दांचे लेख. यात नाव येत नाही आणि बराचसा व्यवहार शब्दांवर चालतो. एआय आल्यापासून ‘केस गळतीवर 10 उपाय’ छापाच्या लेखांना पैसे मिळणं अवघड होत चाललंय, कारण तसा मजकूर मशीन मिनिटात काढून देतं. ज्या लिखाणासाठी कुठंतरी जावं लागतं, कुणालातरी भेटावं लागतं, त्याची गरज मात्र टिकून आहे.

4. ऑडिओ आणि गोष्टींची ॲप

स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं, तेव्हा सुरुवातीपासून मराठी त्यात होती. त्यानंतर ऑडिओ मालिका हे मराठी लेखकांसाठी नवं काम तयार झालं. इथं प्रत्येक भागाप्रमाणे किंवा मिनिटांप्रमाणे पैसे ठरतात. प्रतिलिपीसारख्या ॲपवर लेखक स्वतःच गोष्ट टाकतो आणि वाचकांनी पैसे भरले तर त्यातला वाटा लेखकाला मिळतो. म्हणजे इथं मानधन आधी ठरत नाही, ते वाचकांवर अवलंबून असतं. आकाशवाणीची केंद्रंही भाषणं, श्रुतिका, कथावाचन यासाठी बाहेरच्या लेखकांना बोलावतात आणि त्याचे पैसे देतात. आपल्या जवळच्या केंद्रावर जाऊन चौकशी करायला काहीच लागत नाही.

5. अनुवाद आणि सबटायटल

याची चर्चा कमी होते, पण अनेक लेखकांचं घरभाडं यातूनच निघतं. बँकांची ॲप, विमा कंपन्यांची पत्रकं, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, ओटीटीवरची सबटायटल हे सगळं मराठीत आणायला माणूस लागतो.

इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. दर शब्दावर असेल तर तो मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे की मराठीतल्या, हे आधी विचारा. मराठीत ‘घरातल्यांसाठी’ हा एक शब्द होतो, इंग्रजीत त्याला चार-पाच शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत आणलेला मजकूर साधारणपणे कमी शब्दांत बसतो. मोजणी मराठीची धरली तर त्याच कामाचे पैसे कमी मिळतात.

6. दोन भाषा येत असतील तर

महाराष्ट्रातल्या गोष्टी इंग्रजी आणि हिंदी माध्यमांनाही हव्या असतात. पर्यावरण, पाणी, शेती, ऊसतोड कामगार, आदिवासी भागातलं आरोग्य या विषयांवर इंग्रजी वेबसाइट स्वतंत्र पत्रकारांकडून लेख घेतात. अनेकांनी ‘आम्हाला कल्पना पाठवा’ असं पानच केलेलं असतं. त्यात विषय, शब्दमर्यादा आणि काही वेळा दरसुद्धा लिहिलेले असतात. ती पानं वाचली तरी संपादकाला काय लागतं याचा अंदाज येतो.

आधी लेख की आधी कल्पना?

नवीन लेखक बहुतेकदा पूर्ण लेख लिहितो आणि दहा जणांना एकदम पाठवतो. मेलमध्ये एवढंच असतं, ‘सोबत लेख जोडला आहे. योग्य वाटल्यास प्रसिद्धी द्यावी.’ यात पैशाचा उल्लेख नाही, आणि मेहनत तर सगळी करून झालेली आहे. शिवाय दोन जणांनी एकाच आठवड्यात तोच लेख छापला, तर दोन्ही दारं बंद.

कथा, कविता, विनोदी लेख यांच्या बाबतीत पूर्ण मजकूरच पाठवावा लागतो. पण माहितीपर लेख, मुलाखत, रिपोर्ताज असेल तर आधी फक्त कल्पना पाठवायची पद्धत आहे. याला पिच म्हणतात. पिच म्हणजे दहा-बारा ओळींचं पत्र. त्यात पाच गोष्टी हव्यात. गोष्ट काय आहे, ती आत्ताच का छापायची, तुम्ही कुणाकुणाशी बोलणार, किती शब्द आणि कधी देणार, आणि तुम्ही कोण.

उदाहरण बघू. ‘लग्नपत्रिकांच्या बदलत्या स्वरूपावर लेख लिहू इच्छिते’ असा मेल आला तर संपादक पुढं जाईल. तोच विषय असा मांडला तर?

“सप्रेम नमस्कार. व्हॉट्सॲपवर लग्नाची आमंत्रणं जायला लागल्यापासून आमच्या तालुक्याच्या गावातले लग्नपत्रिका छापणारे छापखाने एकेक करून बंद होत आहेत. जे उरलेत ते आता काय छापतात, जुन्या कंपोझिटरनी कोणता धंदा धरला आणि ‘देवापुढं ठेवायला म्हणून’ फक्त 50 पत्रिका छापणारी कुटुंबं काय सांगतात, यावर 1,200 शब्दांचा लेख करता येईल. दोन छापखान्यांचे मालक बोलायला तयार आहेत, फोटो मी काढीन. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्या आठवड्यात हा लेख येऊ शकेल. होकार मिळाल्यापासून 12 दिवसांत देते. याआधी लिहिलेल्या दोन लेखांच्या लिंक खाली आहेत. या पुरवणीत बाहेरच्या लेखकांना काय मानधन असतं, तेही कळवावं.”

शेवटचं वाक्य बघा. पैशाचा प्रश्न पहिल्याच पत्रात आला, तोही साध्या शब्दांत. यात उद्धटपणा काहीच नाही. संपादकालाही ते सोयीचं असतं, कारण त्याला बजेटमध्ये बसवायचं असतं.

आधीचे लेख नसतील तर? तिथं फेसबुक पोस्ट कामाला येतात. चांगल्या तीन पोस्ट निवडा, त्यातल्या चुका काढा आणि एका साध्या ब्लॉगवर किंवा गुगल डॉकवर ठेवा. लाईक किती आले हे सांगायची गरज नाही. संपादक वाक्य बघतो.

पिच पाठवताना एक धोका माहीत असू द्या. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. म्हणजे ‘छापखान्यांवर लेख’ ही कल्पना दुसऱ्यानं उचलली तर कायदा फारशी मदत करत नाही. म्हणून पिचमध्ये गोष्टीची चव द्या, पण माणसांची नावं आणि फोन नंबर देऊ नका. ती माणसं तुमच्याशी बोलायला तयार आहेत, हेच तुमचं भांडवल.

संपादकाचा पत्ता कुठं मिळतो?

छापील अंकात हे शोधणं सोपं आहे. जवळजवळ प्रत्येक दैनिक-मासिकाच्या शेवटच्या किंवा आतल्या पानावर बारीक अक्षरात एक मजकूर असतो. ‘हे मासिक मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले.’ याला प्रिंटलाइन म्हणतात. संपादकाचं नाव, कार्यालयाचा पत्ता आणि बहुतेकदा ईमेलही तिथंच सापडतो. अंक खरंच नोंदणीकृत आहे का, हे भारताच्या प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या वेबसाइटवर बघता येतं. वेबसाइटच्या बाबतीत ‘आमच्याविषयी’ हे पान उघडा. तिथं माणसांची नावं नाहीत, पत्ता नाही, फक्त एक फॉर्म आहे, असं असेल तर जपून.

लेख पाठवताना युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते चित्रविचित्र अक्षरांचे पुंजके दिसतात. पीडीएफ किंवा वहीच्या पानांचा फोटो पाठवला तर कुणाला तरी ते सगळं परत टाइप करावं लागतं. नव्या लेखकासाठी एवढे कष्ट कुणी घेत नाही.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर ‘ही कल्पना आता दुसरीकडे देत आहे’ असं कळवून मोकळे व्हा.

पैशाचं बोलणं: नेमकं काय विचारायचं?

मराठीत लिखाणाच्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. या शब्दात मान आधी येतो. त्यामुळे होतं काय, की विचारणाऱ्यालाच संकोच वाटतो. प्लंबरला ‘किती घेणार?’ हे आपण दारातच विचारतो आणि त्यालाही त्यात काही वाटत नाही. लिखाणाचंही तसंच ठेवायला हवं.

होकार आला की लिहायला बसण्याआधी या गोष्टी ठरवून घ्या.

• एकूण रक्कम किती? शब्दावर असेल तर छापलेल्या शब्दांवर की मागितलेल्या?
• पैसे कधी? लेख दिल्यावर की छापल्यावर, आणि त्यानंतर किती दिवसांत?
• लेख मागवून नंतर छापला नाही तर काही मिळणार का?
• प्रवास आणि फोटो यांचे पैसे वेगळे का?
• दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या?
• नाव येणार का? हाच लेख नंतर दुसरीकडे वापरता येईल का?

हे बोलणं फोनवर झालं तरी हरकत नाही. फोन ठेवल्यावर लगेच एक मेल करा, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे 1,200 शब्द, अमुक रक्कम, छापून आल्यावर 30 दिवसांत. बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की तुमच्याकडे लेखी पुरावा झाला. व्हॉट्सॲपवरचं ‘हो’ही जपून ठेवा.

दर बरा की वाईट, हे कसं कळणार?

मराठीत सगळ्यांना लागू होईल असा ठरलेला दर नाही. म्हणून स्वतःचा हिशोब स्वतः करायचा. समजा, एका लेखाचे 1,500 रुपये ठरले. माहिती काढायला एक दिवस, फिरायला एक, लिहायला आणि दुरुस्तीला एक, असे तीन दिवस गेले. एसटी आणि चहापाण्याला 300 रुपये. हातात राहिले 1,200, म्हणजे दिवसाला 400. हे परवडतं का, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

शब्दांवरच्या दराचंही तसंच. शब्दाला 30 पैसे म्हणजे हजार शब्दांचे 300 रुपये. ऐकताना कळत नाही, मांडल्यावर कळतं.

मग फुकट कधीच लिहू नये का? तसं नाही. चळवळीचं मासिक, गावच्या वाचनालयाची स्मरणिका, मित्राचा पहिलाच अंक अशा ठिकाणी माणूस आवडीनं लिहितो. फक्त ते आपण ठरवून दिलेलं असावं. समोरच्याच्या वेबसाइटवर जाहिराती चालू आहेत, कर्मचाऱ्यांना पगार आहेत आणि फक्त लेखकाला ‘नाव होतंय ना’ असं सांगितलं जातंय, तर तिथं दुसरा लेख देण्याआधी विचार करा.

लेख कुणाचा?

कॉपीराइट कायदा 1957 सालचा आहे आणि तो बऱ्यापैकी लेखकाच्या बाजूचा आहे. मजकूर लिहून झाला की कॉपीराइट आपोआप तयार होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही पगारी नोकर नसाल आणि वेगळा करार केला नसेल, तर लेखाचे पहिले मालक तुम्हीच.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असं मानलं जातं. म्हणून ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द कुठं दिसले तर थांबा. तो लेख उद्या तुमच्या पुस्तकात घ्यायचा झाला, त्यावर ऑडिओ किंवा वेब सीरिज करायची झाली, तर तुम्हालाच परवानगी मागावी लागेल. ‘एकदा छापण्याचा आणि वेबसाइटवर ठेवण्याचा हक्क’ एवढं देणं पुरेसं असतं. जास्त हवं असेल तर जास्त पैसे, हा साधा व्यवहार आहे.

हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं आहे’ असं सांगण्याचा अधिकार कायद्यानं लेखकाकडेच राहतो. नाव पुसून फिरणाऱ्या पोस्टला उत्तर देतानाही हाच आधार आहे. घोस्ट रायटिंग, म्हणजे दुसऱ्याच्या नावानं लिहून देणं, हे यापेक्षा वेगळं आहे. तिथं नाव येत नाही हे आधीच मान्य केलेलं असतं, म्हणून त्याचा दर जास्त लावायचा.

बिल, पॅन आणि टीडीएस

लेख छापून आला की अनेक ठिकाणी बिल द्यावं लागतं. त्यासाठी अकाउंटंट लागत नाही. तुमचं नाव, पत्ता, पॅन, बँक खातं, आयएफएससी कोड, लेखाचं नाव, छापल्याची तारीख आणि रक्कम एवढं एका पानावर लिहून, बिलाला नंबर घालून पाठवायचं. छापलेल्या पानाचा फोटो किंवा लिंक सोबत जोडायची.

ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे आले तर लगेच भांडू नका. व्यावसायिक कामाच्या पैशांतून संस्था साधारणपणे 10 टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नसेल तर 20 टक्के. ही रक्कम तुमच्या नावावर आयकर खात्याकडे जमा होते आणि आयकर पोर्टलवर लॉग इन केलं की दिसते. तुमचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ती परत मिळते. रिटर्न भरायचा कंटाळा केला की स्वतःचेच पैसे सरकारकडे पडून राहतात.

जीएसटीची धास्ती मात्र घ्यायचं कारण नाही. सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही.

पैसे थकले तर?

आधी संपादकाला विचारा, मग त्याच्याकडूनच अकाउंट्स विभागाचा नंबर घ्या. बऱ्याचदा पैसे संपादकाच्या हातात नसतात. बिल कुठल्या तरी टेबलावर अडकलेलं असतं आणि एका फोननं ते हलतं.

सगळ्यात परिणामकारक उपाय मात्र साधा आहे. पहिल्या लेखाचे पैसे येईपर्यंत दुसरा लेख द्यायचा नाही. सुरुवातीच्या गोष्टीतल्या मुलीनं चार लेख दिले आणि पाचव्याला विचारलं, तिथं तिचं बिनसलं.

नियमित काम करणाऱ्यांसाठी कायद्याची एक वाट आहे. केंद्र सरकारच्या ‘उद्यम’ पोर्टलवर सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही सूक्ष्म उद्योग म्हणून मोफत नोंदणी करता येते. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि त्यासाठीच्या परिषदेकडे दाद मागता येते. याचा उपयोग व्हायचा तर काम घेण्याआधीच नोंदणी केलेली बरी. 1,500 रुपयांसाठी कुणी तिथवर जाणार नाही, हे खरं. पण सहा महिन्यांच्या अनुवादाचे 60 हजार अडकले असतील तर बिलावरचा उद्यम नंबर कामाला येतो.

पैसे कुणी कुणाला द्यायचे?

लिखाणाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला ओळखायची एकच खूण लक्षात ठेवा. काम देणारा जर तुमच्याकडूनच पैसे मागत असेल तर ते काम नाही.

‘घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला 30 हजार कमवा, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा’ ही त्यातली जुनी तऱ्हा. काही ठिकाणी फी नसते, पण आधी करारावर सही घेतात. मग ‘कामात चुका आहेत, कराराचा भंग झाला, दंड भरा नाहीतर कोर्टाची नोटीस येईल’ असे फोन सुरू होतात. घाबरून पैसे भरू नका. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

दुसरी तऱ्हा गोड असते. ‘राज्यस्तरीय प्रातिनिधिक कवितासंग्रहासाठी तुमची निवड झाली आहे’ असा मेसेज येतो. सहभाग शुल्क 500 रुपये, बदल्यात एक प्रत, सन्मानपत्र आणि ट्रॉफी. यात बेकायदा काही नसेलही, पण तिथं गिऱ्हाईक तुम्ही असता. पहिलं पुस्तक काढायचं असेल तर त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिशीच्या आतल्यांसाठी केंद्राची ‘पीएम युवा’ योजनाही आहे. त्यात निवड झालेल्या लेखकाला सहा महिने दरमहा 50 हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते आणि मराठीतही लिहिता येतं. ती दर वर्षी ठरलेल्या तारखेला येत नाही, म्हणून नॅशनल बुक ट्रस्टच्या वेबसाइटवर लक्ष ठेवावं लागतं.

सुरुवात कुठून करायची?

या महिन्यात तीन गोष्टी करता येतील. आपल्या चांगल्या तीन पोस्ट नीट करून एका ठिकाणी ठेवा. ज्या दोन जागी लिहायला आवडेल त्यांचे चार-चार अंक वाचा. आणि आपल्याच गावातली, दुसऱ्या कुणाला सहज मिळणार नाही अशी एक गोष्ट शोधून तिची पिच पाठवा.

गोधडीवर लिहिणाऱ्या मुलीकडेही अशी गोष्ट होती. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांना एका गोधडीमागे किती मिळतात, ती ऑनलाइन कितीला विकली जाते, मधले पैसे कुठं जातात. पोर्टलच्या त्या पहिल्या मेसेजला तिला एवढंच उत्तर द्यायचं होतं, “हो, लिहीन. विषय हा आहे, 1,000 शब्द होतील. मानधन किती असतं?”

समोरून ‘मानधन नाही’ असं आलं असतं, तरी तिचे चार लेख वाचले असते. ते तिला दुसरीकडे देता आले असते.